ओवीचा पत्ता

यशपालला तोडलं तेव्हा ऊस तुऱ्यावर आला होता. कुणाच्या वरातीला उभे असावेत तसे पांढरे तुरे वाऱ्यावर माना डोलवत होते, आणि त्यांच्या पायाशी चार माणसं एका माणसावर कोयते चालवत होती. चौघांच्या तोंडाला रुमाल. त्याची बायको शिवकांता शेजारच्या सरीत पालथी पडली होती. पोटात लेकरू, तोंडात माती. तिघांना तिने चालीवरून ओळखलं, चुलतभाऊ होते. चौथा पाठमोरा होता. त्याला ओळखता आलं नाही, की ओळखायचं नव्हतं, हे तिने पुढे स्वतःला कधी विचारलं नाही.

गुन्हा एवढाच, की पोरीने गावकुसापलीकडच्या पोराशी लग्न केलं. तिघे तुरुंगात गेले. चौथा सापडला नाही. भावकीतले बाकीचे चावडीवर बसून म्हणत राहिले, काम अर्धंच झालंय. शिवकांता बीडकडच्या त्या गावातून निघाली ती वाऱ्यावरच्या पानासारखी गावं बदलत शेवटी तासगावच्या माळावर, बेदाण्याच्या शेडवर येऊन थांबली. तिथे तिने नाव सांगितलं कांचन. लेक झाली तेव्हा तिला मात्र बापाच्या नावातलं अर्धं नाव दिलं. यशू.

शेड इंदूअक्कांचं. तोंडात विस्तव आणि हातात लोणी अशी ही बाई. शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यामागून मजले, त्यांवर द्राक्षं पसरलेली. माळाचा कोरडा वारा येई, मण्यामण्यातलं पाणी पिऊन जाई, आणि हिरवा मणी बघता बघता मधाच्या रंगाचा होई. रंग टिकावा म्हणून द्राक्षांना आधी गंधकाची धुरी लागे. त्यासाठी शेडच्या टोकाला पत्र्याची हवाबंद खोली होती. एका दाराने माल आत, दुसऱ्याने बाहेर. आत पाटीत गंधक पेटवायचं आणि दोन्ही दारांना बाहेरून कडी घालायची. धुरी चालू असताना त्या दारापाशी कुत्रंही फिरकत नसे.

बायका ओळीने बसून वाळलेला बेदाणा निवडत. शिवकांता निवडताना गाई. हे गाणं आईकडचं. आई मनकर्णा, अक्षरशत्रू, पण तिने स्वतःच्या लेकरांवर ओव्या रचल्या होत्या, आणि त्या त्या घराच्या भिंतींबाहेर कधी गेल्या नव्हत्या.

काळ्या रानाच्या गं बांधा, कोण उभं पाठमोरं,
बंधु वैजनाथ माझा, त्याचा पटका जरीकोरं.

वैजनाथ तिचा सख्खा भाऊ. शेतातून येताना बोरं आणणारा, जत्रेत खांद्यावर बसवणारा. यशपाल गेला त्या दिवशी तो पुण्याला होता, असं सगळे म्हणाले होते. तिनेही तेच धरून ठेवलं. ओवीत भावाला नावं ठेवता येत नाहीत. सासू वाईट असते, दीर वाईट असतो, नशीब तर वाईटच असतं. भाऊ मात्र उन्हातून येतो आणि त्याच्या हातात चोळीचा खण असतो. ज्या पोरी अशा ओव्यांवर वाढतात, त्यांच्या मनात भावाची जागा आधीच सारवून ठेवलेली असते.

एके दुपारी यशूने हट्ट धरला. आई रोज अर्ध्यावर सोडते ती ओवी तिला पुरी हवी होती.

बंधु आला उन्हातून, पाणी काढिते घंगाळी...

पुढची ओळ शिवकांताला आठवेना. 'मग?' यशू म्हणाली. मग काय, काही केल्या आठवेना.

त्याच सुमारास वेध आणि सांगाती या दोन वैरी कंपन्यांनी हातमिळवणी केली होती. एकमेकींना कोर्टात खेचणाऱ्या, एकमेकींची माणसं पळवणाऱ्या ह्या दोघी. लोक म्हणाले, सापामुंगसाचं लग्न लागलं, आता वऱ्हाड सांभाळा.

या लग्नामागचं विज्ञान असं होतं. मोबाईलवर माणूस जे विचारतो त्या प्रत्येक प्रश्नाचा वेधची यंत्रं एक बिंदू करत. सारख्या अर्थाचे प्रश्न जवळ पडत, वेगळ्या अर्थाचे लांब. अशा अगणित बिंदूंचं त्यांनी अर्थाचं एक आभाळच मांडलं होतं. सांगातीचंही आभाळ होतं, पण त्यात प्रश्न नव्हते, माणसं होती: कोण कुठे राहतं, कुणाच्या बोलण्यात काय येतं, कुणाला कशाची जाण असावी. दोन्ही आभाळं वेगवेगळ्या मापांनी आखलेली. एकावर एक धरली तर नुसता गोंधळ. मग कुणाला तरी युक्ती सुचली. दोन्हीकडे हमखास ओळखू येतील असे थोडे तारे घ्यायचे, ते तेवढे एकमेकांवर टाचायचे, आणि उरलेलं आभाळ फिरवत, ताणत, सैल सोडत आपोआप बसू द्यायचं. बसलं. आता कुठल्याही प्रश्नाच्या खाली बरोबर तो माणूस दिसू लागला, ज्याला उत्तर माहीत असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

या सोयीचं नाव जोडशोध. जगातलं निम्मं शहाणपण कुठे लिहिलेलंच नाही, ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडी आहे, हे दोन्ही कंपन्यांना उमगलं होतं. लिहिलेलं उत्तर सापडलं नाही की मोबाईल तो प्रश्न त्या जाणत्या माणसाकडे पाठवी. नाव काढून, आवाज बदलून. उत्तरही तसंच येई, फापटपसारा कापून, प्रश्नापुरतं.

खबरदारी दोघींनी घेतली होती. विचारणारा कोण, हे वेधने झाकलं. विचारणारा कुठे आहे, हे सांगाती दाखवी. कारण गाव कळल्याशिवाय पिकाबद्दल, पावसाबद्दल, रस्त्याबद्दल कोण काय सांगणार? कोण हे कळत नाही, मग कुठे हे कळलं तर बिघडलं काय, असं एकीला वाटलं. दुसरीला वाटलं, आपण तर नाव झाकलंय. दोघींनी आपापलं दार लावलं आणि एकमेकींच्या उघड्या दाराकडे पाठ करून निवांत झोपल्या.

पण ओवीत नाव असतं.

शिवकांताने अर्धी ओवी मोबाईलला गाऊन दाखवली आणि विचारलं, पुढं काय? जेवणाची सुट्टी संपायच्या आत उत्तर आलं. आवाज यंत्राचा, सपाट, ना बाईचा ना बाप्याचा. शब्द मात्र एकाच चुलीपुढचे होते.

बंधु आला उन्हातून, पाणी काढिते घंगाळी,
त्याच्या पायाच्या धुळीनं, माझी भरते रांगोळी.

ती मोबाईल छातीशी धरून बेदाण्याच्या राशीत तोंड लपवून रडली. ही ओळ जगात एकाच बाईला माहीत होती. मेलेली समजून जिने तिच्या नावाने पाणी सोडलं असेल, ती बाई तिला उत्तर देत होती.

मग रोज दुपारी माय-लेकी बोलू लागल्या. ना नाव, ना हाक. फक्त ओवीचा पहिला चरण इकडून, दुसरा तिकडून. शिवकांताने नवी ओवी रचून विचारली, अंगणी चिमणीला एकच पिलू झालं, पुढं काय? तिकडून आलं, पिलाला चोच कुणाची, आजीची का बापाची? यशूने नाक उडवून सांगितलं, की तिला चोच नाही. शिवकांताचं असं हसणं त्या शेडमध्ये पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

तिकडे मनकर्णेच्या मोबाईलवर प्रत्येक प्रश्नाखाली बारीक अक्षरांत एक ओळ येई: विचारणाऱ्याचा परिसर, तालुका तासगाव, बेदाणा शेड. मनकर्णेला वाचता येत नव्हतं. मोबाईल तिला वैजनाथने घेऊन दिला होता आणि रोज संध्याकाळी तो स्वतः चार्जिंगला लावी.

एक दिवस इंदूअक्का पदराने तोंड पुशीत, मोठ्या तोऱ्यात शिवकांतापाशी आल्या. मोबाईलने त्यांना काहीतरी विचारलं होतं. बेदाणा निवडताना मराठवाड्याकडच्या ओव्या गाणारी बाई कुठल्या शेडवर आहे, रेकॉर्डिंग करायचंय म्हणे. अक्कांनी बेधडक शेडचं नाव, फाटा, पाण्याची टाकी, सगळी खूण सांगून टाकली होती.

शिवकांताच्या हातातले मणी गळून पडले. तिने विचारलं, कोण विचारत होतं?

"मला काय ठावं? मशीनबाई बोलत हुती," अक्का म्हणाल्या. "आगं, गाणारी तू आन् घाम मला फुटलाय. टीव्हीवर दिसलीस की आमच्या शेडचं नाव घे म्हंजे झालं."

शिवकांताने त्यांना एका बाजूला नेलं आणि पहिल्यांदाच खरं नाव सांगितलं, यशपाल सांगितला, ऊस सांगितला. अक्कांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता पोरगीला घे, मिरजेला माझ्या बहिणीकडं जा. शिवकांता बोचकं बांधायला लागली. यशूचे कपडे, तव्यावरच्या भाकरी, पाण्याची बाटली. तेवढ्यात मोबाईल वाजला. तिने काही विचारलेलं नसताना आईकडून उत्तर आलं होतं, कालच्या अर्धवट ओवीला जोडून.

बंधु निघाला भेटीला, नाही शिदोरी गाठीला.

आणि त्याखाली सूचना: उत्तराचा उरलेला भाग प्रश्नाशी संबंधित नसल्याने वगळला आहे.

बोचक्याची गाठ तिच्या हातात तशीच राहिली. भाऊ विचारत होता तर. भाऊ शोधत होता. शिदोरी नाही, म्हणजे किती घाईने निघाला असेल. आईच्या ओवीत भाऊ रित्या हाताने कधी आला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. पण यंत्राने पुढचा खण आणि चोळी कापली असेल, असं तिने मनाला समजावलं.

"भाऊ येतोय म्हंजे कुठल्या हातानं येतोय, ते बघ आधी," इंदूअक्का म्हणाल्या.

"अक्का, माझा भाऊ तसा न्हाई."

अक्कांनी पोलिसांना फोन लावला. पलीकडून सांगितलं गेलं, भाऊ बहिणीला भेटायला येणं हा काही गुन्हा नाही, काही झालं तर कळवा. शिवकांताने भाकरीचं बोचकं सोडलं आणि यशूची वेणी घातली. मामा येणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वैजनाथ आला. एकटाच, मोटरसायकलवर. अंगाने भरला होता, कानशिलाला पांढरे केस आले होते. तो हसला आणि शिवकांताच्या डोळ्यांत बोरांचा सगळा ऋतू उभा राहिला. ती नुसतं 'दादा' म्हणाली. अक्कांच्या घरातून तिने पितळी घंगाळ आणलं, पाणी भरलं. भाऊ उन्हातून आला होता. ती ज्या घरची लेक होती त्या घरात आधी पाय धुवायचे आणि मगच बोलायचं.

त्याने पाय पुढे केले. तिने धुतले, आपल्या पदराने पुसले. यशू कोपऱ्यातल्या रिकाम्या क्रेटांमागून डोळे मोठे करून पाहत होती. मग खांद्यावरची पिशवी उतरवायला वैजनाथ उठला आणि वळला.

पाठमोरा.

तोच डावा खांदा किंचित खाली, तीच मान. ऊस, तुरे, तोंडातली माती. तिने पाण्यासकट घंगाळ उचलून धरलं.

"आईनं दार लाव म्हणून सांगितलं व्हतं तुला," वैजनाथ तिच्याकडे न बघता म्हणाला. पिशवीची चेन उघडत होता. "म्या बाजूलाच व्हतो. बोलू दिलं तिला. मशीननं कापलं वाटतं."

"यशपालला पहिला घाव कुणी घातला?"

"म्याच. दुसऱ्याकडून कसा घालू? भैन माझी व्हती." तो वळला तेव्हा हातात कोयता होता. "लेकरू कुठंय?"

तिने घंगाळ होतं तसं त्याच्या तोंडावर हाणलं. पितळ हाडावर वाजलं, त्याचं नाक फुटलं. पुढचा वार तिने हाताने अडवला आणि उजव्या हाताची दोन बोटं बेदाण्याच्या राशीत जाऊन पडली. दुखलं नाही, नुसता हात हलका झाल्यासारखा वाटला. बायका किंचाळत बाहेर पळाल्या. इंदूअक्का मात्र क्रेट डोक्यावर धरून मधे घुसल्या. त्यांनी क्रेट त्याच्या डोक्यात घातलं, त्याने कोयता त्यांच्या दंडात. कोयता हाडात रुतला. तो काढायला त्याला पाय लावावा लागला. मधाच्या रंगाच्या राशीवर रक्ताची चिळकांडी उडाली आणि अक्का त्याच राशीवर कोसळल्या.

"लेकरू कुठंय?" त्याने पुन्हा विचारलं. तो जाळ्यांखाली वाकून बघू लागला, एकेक खण, एकेक मजला, कोयत्याच्या टोकाने जाळ्या फाडत. ओली द्राक्षं त्याच्या डोक्यावर पडत होती. आणखी थोडं पुढे, मग क्रेट, मग यशू.

शिवकांताच्या तोंडून जे निघालं ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं होतं.

"यशू, धुरीच्या खोलीतून बाहेर येऊ नको!"

वैजनाथने मान वर केली. शेडच्या टोकाला पत्र्याचं दार होतं, कडी लावलेलं. बेदाणा त्याला खीर खाताना तेवढा भेटला होता; धुरी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. तो धावला. त्याने कडी काढली, पिवळट धूर अंगावर आला, तसा त्याने गळ्यातला रुमाल नाकावर ओढला, जसा त्या दिवशी ओढला होता, आणि आत घुसला. माल भरलेल्या मांडण्यांमधून तो पार आतपर्यंत गेला असावा. शिवकांताने दार ओढलं. तुटक्या हाताला कडी पेलेना, म्हणून डाव्या हाताने लावली.

आधी खोकला आला. मग दारावर लाथा. मग कोयत्याचे घाव, पत्र्यात फटी पाडणारे, आणि त्या फटींतून धुराच्या पिवळ्या जिभा बाहेर आल्या.

"शिवे, पोरगी हितं न्हाई."

"न्हाई," ती म्हणाली.

"उघड. भाऊ हाय मी तुझा."

तिने तळहात कडीवर ठेवला. लोखंड उन्हाने तापलं होतं. आतला खोकला आता बोलण्याहून मोठा झाला होता; तो आईला हाक मारत होता, मग तिला, मग कुणालाच नाही. कडी वर सरकवायला बोटभर जोर पुरला असता. क्रेटांमागून यशू आली आणि तिने आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं, त्याच टोकाने मामाचे पाय पुसले होते. शिवकांताने हात कडीवरून काढला नाही आणि कडीही काढली नाही. दारावरचे ठोके खाली खाली येत गेले, छातीच्या उंचीवरून गुडघ्याच्या, गुडघ्याच्या उंचीवरून उंबऱ्याच्या. मग थांबले.

बऱ्याच वेळाने बाहेर पळालेल्या बायका परतल्या. त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली आणि वाऱ्याला आत जाऊ दिलं. तो दाराशीच पडला होता. कुणी जवळ गेलं नाही. अक्कांचा दंड लुगड्याने आवळला होता. त्या शुद्धीवर होत्या आणि हळू आवाजात शिव्या देत होत्या, म्हणजे जगणार होत्या. पोलीस निघालेत, असा निरोप आला. कुणीतरी शिवकांताच्या हाताला फडकं बांधलं. ती पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती, यशू मांडीत.

मोबाईल वाजला. तिने काहीच विचारलं नव्हतं. या वेळी प्रश्न तिच्याकडे आला होता.

"तुमच्या परिसरातून उत्तर अपेक्षित आहे," यंत्र म्हणालं, त्याच सपाट, गोड आवाजात. "एका आईची दोन लेकरं आज एके ठिकाणी भेटली. त्यांतलं कोण राहिलं? तुम्हाला उत्तर माहीत असण्याची शक्यता: अतिशय जास्त."

दोन आभाळं एकमेकांवर अचूक बसली होती. साऱ्या जगातून यंत्राने हा प्रश्न विचारायला योग्य तो एकच माणूस शोधला होता.

खाली दोन खुणा होत्या, उत्तर द्या आणि टाळा. ज्या आईने दार लाव म्हणून सांगितलं, तिने एका लेकरासाठी दुसऱ्याचा घात पत्करला होता. शिवकांताला ते ओवीत गुंडाळून सांगता आलं असतं. ओवीत मरणही शेल्यासारखं पांघरता येतं. पण तिला आता भावाची ओवी सुचत नव्हती, आणि पुन्हा कधी सुचणारही नव्हती.

"लेक राहिली," ती म्हणाली. "लेकाला लेकीनं मारलं. दार तिनंच लावलं व्हतं."

उत्तर पोहोचलं, असं मोबाईलने सांगितलं. रस्त्यावर धूळ दिसू लागली होती, गाडी येत होती. यंत्र विचारणाऱ्याला नेहमी पुसतं, उत्तराचा उपयोग झाला का. त्यावर तिकडून हो आलं नाही, नाहीही आलं नाही. शिवकांताला वाटलं, आता मोबाईल तिकडे जमिनीवर पडला असेल. आता आई कपाळ आपटून घेत असेल. आता ती पुन्हा कधी बोलणार नाही.

मोबाईल पुन्हा वाजला.

"तुमच्या परिसरातून उत्तर अपेक्षित आहे. त्याचं तोंड कुणी झाकलं का?"

शिवकांता उठली. यशूला तिने एका बाईच्या कडेवर दिलं. गाडी फाट्यावरून आत वळत होती, आणि कुणीतरी ओरडून सांगितलं की आता तिकडे जाऊ नको, काही शिवू नको. ती गेली. खोलीतून अजून घशाला बोचणारा वास येत होता. वैजनाथचे डोळे उघडे होते, लाल, आणि रुमाल गळ्यात घसरला होता. तिने डाव्या हाताने पापण्या मिटल्या. पदराचं टोक दातात धरून लुगडं फाडलं. भावाला वर्षानुवर्षं मनात ज्या उंचीवर उभं केलं होतं, त्या उंचीचं ते कापड नव्हतं, पण तोंडापुरतं होतं. ते तिने त्याच्या तोंडावर अंथरलं, कडा सारख्या केल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन बाजूंना द्राक्षांचे ओले घोस ठेवले.

मग ती टाकीपाशी परत आली आणि मोबाईल उचलला.

"झाकलं," ती म्हणाली.

एवढंच उत्तर पाठवू का, असं यंत्राने विचारलं.

"पाठव."